कोमट तेल

आमच्या ओव्हनमध्ये आजवर केक एकदाच झाला आणि तोही करपला. सुऱ्या मात्र उदंड भाजल्या गेल्या. पाहुणे यायचे असले की मी आधी ओव्हन उघडून बघायची, कारण आत कधी चार-दोन पाती शेकत पडलेली असतील याचा नेम नसायचा. सासूबाई होत्या तोवर यावरून बोलायच्या. "लोकांच्या स्वयंपाकघरात जेवणाचा वास येतो, आमच्या स्वयंपाकघरात कारखान्याचा." पण बोलून झालं की स्वतःच ओव्हनचा काटा दोनशेवर आणून ठेवायच्या.

सुऱ्या आप्पांच्या. आप्पा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी हत्यारांच्या कारखान्यात भट्टीवर काढला, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःची छोटी भट्टी मांडली. जाड पत्र्याचा डबा, आतून भट्टीच्या विटा, बाजूला गॅसची टाकी. भंगारातून जुन्या कानशी आणायच्या, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे तुकडे आणायचे आणि त्यांच्या सुऱ्या करून नात्यागोत्यात वाटायच्या. आमच्या नात्यात असं एक घर नसेल जिथं कांदा आप्पांच्या सुरीनं चिरला जात नाही.

मीही त्याच कारखान्यात, पण तपासणीच्या खोलीत. तयार मालाचा कडकपणा मोजणं हे माझं काम. यंत्राला हिऱ्याचं बारीक टोक असतं, ते पोलादात दाबायचं, किती रुततं त्यावरून आकडा येतो. लोक म्हणतात माझा स्वभावही तसाच झालाय. जे टोचून बघता येत नाही ते मी मानत नाही. असेल. पुढचं सगळं सांगायच्या आधी एवढं सांगून ठेवलेलं बरं.

पातं घासून आकाराला आणलं म्हणजे सुरी झाली असं लोकांना वाटतं. तोवर ते मऊच असतं, दोन्ही हातांनी वाकवलं तर वाकतं. त्याला लाल तापवायचं आणि नेमक्या क्षणी बाहेर काढून बुडवायचं. याला आपण पाणी देणं म्हणतो, बुडवतो मात्र तेलात. आणि तेल कोमट लागतं. गार तेलात घातलं तर पातं दचकतं आणि त्याला तडा जातो. आधी छस्स होतं आणि मग त्याच्या पाठोपाठ टिण् असा एक लहानसा आवाज येतो. चीर केसाएवढी असते, कधी डोळ्यांना दिसतही नाही, पण पातं गेलं ते गेलंच. कारखान्यात दुसऱ्या कुणाच्या हातून तो आवाज झाला तरी आप्पा त्या दिवशी जेवायचे नाहीत. म्हणून भट्टी पेटली की पहिलं काम म्हणजे लोखंडाचा एक तुकडा तापवून तेलाच्या डब्यात सोडायचा, डब्याला बाहेरून हात लावून बघायचा आणि मगच पात्याकडे वळायचं. शेवटी पातं ओव्हनमध्ये शेकायचं, म्हणजे त्याचा ताठा थोडा उतरतो आणि अंगावर वाळल्या गवताचा रंग चढतो.

आप्पांचे डोळे गेले ते हळूहळू. नजरेचा मधला भाग गेला, कडा राहिल्या. डॉक्टर म्हणाले, पडदाच झिजलाय, याला औषध नाही. आप्पांनी ते थट्टेवारी नेलं. "तुझ्या तोंडाच्या जागी भोक आहे, सूनबाई," मला म्हणायचे, "पण कानातले छान आहेत." पेपर सुटला, पत्ते सुटले, रस्त्यावर एकटं जाणं सुटलं. भट्टी मात्र सुटेना.

माझा नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. उंचावर, काळोखात, दोरांवर भरवसा ठेवून. त्यामुळे घरी कुणी बेफिकीर वागलं की त्याचं डोकं फिरतं. एका सकाळी तो मागच्या खोलीत गेला, तर आप्पांनी सांडशी बाजूला ठेवून पातं चक्क हातात धरलेलं. लाल नव्हतं ते. लाली विझून काळं पडलेलं होतं, आणि भट्टीवर राबलेल्या कुणालाही विचारा, लालपेक्षा काळं लोखंडच जास्त माणसं भाजतं. नवऱ्यानं ओरडून ते खाली टाकायला लावलं, त्यांचा हात धरून उलटा केला. फोड नव्हता. लालीसुद्धा नव्हती. मी आवाज ऐकून धावत गेले तेव्हा पातं ज्या फळीवर पडलं होतं ती धुमसत होती.

"नशीब म्हणायचं," नवरा म्हणाला. मी त्या फळीवरचा काळा डाग बघत राहिले.

"बस झालं, आप्पा. उद्यापासून भट्टी बंद," तो आप्पांना म्हणाला.

"बंद करून काय करू? भिंतीकडे बघत बसू? तीसुद्धा दिसत नाही मला." आप्पांनी भट्टीच्या डब्याकडे बोट केलं. "इथं दिसतं रे मला. या एका ठिकाणी दिसतं."

दोघांच्या भांडणात शेवटी मीच मध्ये पडले आणि तडजोड करून दिली. आप्पांनी भट्टीवर एकट्यानं बसायचं नाही, रविवारी सकाळी मी सोबत असेन आणि सांडशी माझ्या हातात राहील. प्रत्येक पातं मी कारखान्यात नेऊन यंत्रावर तपासीन. एक जरी नापास झालं, तरी भट्टी बंद.

"कबूल," आप्पा म्हणाले. "तुझ्या यंत्रानं नापास केलं की मी स्वतःच्या हातानं गॅस बंद करीन. शब्द माझा."

मला वाटलं होतं, दोन-तीन रविवारांत निकाल लागेल. अर्धवट नजरेचा माणूस पोलादाचा रंग कसा ओळखणार? म्हातारा दुखावला जाईल, पण दोष यंत्राचा असेल, माझा नाही. हीच माझी हुशारी होती.

पहिल्या रविवारी त्यांनी खिडकीला पुठ्ठा लावायला लावला. भट्टीवर उजेड नको असतो, उजेडात लाल रंग फसवतो. दार लोटलं की खोलीत भट्टीच्या तोंडापुरताच प्रकाश उरायचा. गॅस घुरघुरायचा, तापल्या विटांचा कोरडा वास यायचा. आप्पा माझ्यामागे स्टुलावर बसले. मी पातं आत धरलं. ते काळ्याचं तपकिरी झालं, मग लाल दिसायला लागलं. मला वाटलं झालं, पण ते गप्प. मग एकदम म्हणाले, "काढ." मी काढलं, बुडवलं, छस्स झालं. मी मागे वळून बघितलं, तर त्यांचे डोळे मिटलेले होते.

ते पातं पास झालं. पुढचंही झालं. त्यानंतरचं पातं हातात घेतलं तेव्हा माझ्या मनाला काहीतरी खटकलं. पात्याचं टोक पातळ असतं, बूड जाड. कितीही जपून तापवलं तरी दोन्हीकडचा आकडा थोडा मागेपुढे येतोच. आमच्या कारखान्यातल्या मोठ्या भट्टीतून निघालेल्या मालालाही येतो. आप्पांच्या पात्याला टोकापासून बुडापर्यंत एकच आकडा होता. मी यंत्र बिघडलं समजून ठरावीक कडकपणाचा नमुन्याचा ठोकळा लावून बघितला. यंत्र ठीक होतं. पातं पुन्हा लावलं, तर पुन्हा तोच आकडा.

"आप्पा, तुम्ही काय बघून सांगता?" मी पुढच्या रविवारी विचारलं.

"सावली."

"कसली सावली?"

"बघ नीट. लाल बघू नकोस. लालच्या आत बघ."

आता ही सावली म्हणजे काही भुताखेताची गोष्ट नाही. पोलाद एका ठरावीक उष्णतेला पोचलं की त्याच्या आतली मांडणी बदलायला लागते. त्या बदलाला उष्णता लागते, ती तिथंच खर्ची पडते, आणि तेवढा वेळ तो भाग किंचित काळवंडतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

त्या रविवारी बघितलं. पातं सगळं लाल झालेलं, आणि त्या लालीच्या आत, टोकाकडून बुडाकडे, एक काळसर लाट सावकाश सरकत होती. कुणीतरी आतून हात फिरवत न्यावा तशी. आणि ती जिथून पुढे गेली होती तिथलं पोलाद पहिल्यापेक्षा उजळ होतं, स्वच्छ, सारखं, जणू ते आत्ताच जन्माला आलं होतं. इतकी वर्षं मी मेलेल्या पोलादाला टोचून आकडे काढत होते, आणि हे असं जिवंत काही त्याच्यात होऊन जातं याचा मला पत्ताच नव्हता.

"काढ," आप्पा म्हणाले. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं ते त्यांना दिसलं नसावं.

तेव्हापासून मला रविवारची ओढ लागली. नवरा हसायचा. "आप्पांना सांभाळायला पाठवली, तर तूच तिकडची झालीस." मी उडवून लावायची. पण शंकेखोर स्वभाव कुठे जातो? सावली दिसते हे मान्य, पण डोळे मिटून कशी दिसते? मी ठरवलं, म्हाताऱ्याची एकदा परीक्षा घ्यायची.

त्यांना अंगणाच्या कठड्यावर भट्टीकडे पाठ करून बसवलं. खोलीचं दार लावून घेतलं. आणि लबाडी म्हणून भट्टीत काही घातलंच नाही, नुसती सांडशी धरून उभी राहिले.

"रिकाम्या भट्टीत काय बघायचं, सूनबाई?" बाहेरून आवाज आला.

मी निमूट पातं आत घातलं. माझ्या डोळ्यांसमोर सावली टोकापासून निघाली, बुडाशी पोचली, आणि त्याच क्षणी बाहेरून आवाज आला, "काढ."

मी बाहेर आले. आप्पा कठड्यावर पाय हलवत बसले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "चहा टाक. तुझा नवरा आला. पुढच्या दारात बूट काढतोय."

त्यांच्यात आणि पुढच्या दारात अख्खं घर होतं. मी आत जाऊन बघितलं. नवरा वाकून बुटाची नाडी सोडत होता.

दुपारी मी त्यांना गाठलं. आढेवेढे न घेता त्यांनी सांगितलं. लोखंडाला लाली येण्याच्या आधी एक रंग असतो, त्याला नाव नाही, पूर्ण काळोखात बराच वेळ बसलं तरच तो जाणवतो. माणसं त्यांना तशी दिसत होती. सगळी माणसं. भिंती मध्ये येत नव्हत्या.

"आणि तुमचा स्वतःचा हात?"

त्यांनी तळहात उलटसुलट केला. "माझी सावली सरकून गेली," म्हणाले. "तुझ्या सासूबाई गेल्या त्याच हिवाळ्यात. भट्टीसमोर बसलो होतो. बोटांपासून सुरू झाली. मी घाबरलो, पण तिच्यामागून जे उजळत आलं ना पोरी, त्यापुढे घाबरायला वेळच झाला नाही. त्या दिवसापासून मला काही भाजत नाही."

मला फळीवरचा डाग आठवला.

"मग पुढे?"

"पुढे काय? सावली सरकून गेली की आपण काय करतो?"

"काढतो. बुडवतो."

"हं."

"पण आप्पा," मी विचारलं, "माणसाला कोण बुडवणार?"

"तेच तर माहीत नाही. मी वाट बघतोय." मग हसले. "चहात साखर कमी घातलीस आज."

खरं तर त्या दिवशीच मी सावध व्हायला हवं होतं. पण मला भीती वाटली नाही. मोठ्या नदीच्या काठावर उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं. पुढच्या रविवारची वाट मी आणखीच बघायला लागले.

मग एक दिवस ते स्वतःच माझ्याकडे आले. मी कारखान्यात निघाले होते, पिशवीत रविवारचं पातं होतं. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"सूनबाई, या खेपेला नापास कर."

"का? पातं चांगलं उतरलंय."

"म्हणूनच सांगतोय. खोटं सांग. एकदाच."

"बंद करायची तर करा ना तुम्हीच. कॉक तुमच्या हातात आहे."

"माझ्याच्यानं होत नाही," ते म्हणाले. "विझवली की मला काही दिसत नाही. अंधार होतो. म्हणून तर तुझ्या यंत्राच्या नावानं मागतोय. यंत्रानं सांगितलं तर मी ऐकेन, शब्द दिलाय."

"पण झालंय काय?"

"विचारू नकोस."

मी म्हणाले, आजवर खोटा आकडा दिलेला नाही, तुमच्यासाठीही देणार नाही. तत्त्व म्हणून हे छान वाटतं. खरं कारण वेगळं होतं. मलाच भट्टी बंद व्हायला नको होती.

संध्याकाळी सांगितलं, पास. आप्पांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना तोंड भिंतीकडे करायला लागले. मी समोर गेले की ते वळायचे. नवऱ्याला वाटलं आमचं काही बिनसलंय.

मग ओव्हनच्या ट्रेचा प्रकार झाला.

पाती शेकून झाली होती. मी बोलता बोलता ओव्हन उघडला आणि ट्रे बाहेर काढून ओट्याकडे निघाले. नवरा किंचाळला, "अगं, फडकं!"

ट्रे माझ्या दोन्ही हातांत होता. उघड्या हातांत. मी तो सावकाश ओट्यावर ठेवला.

"एवढा नाही तापलेला," मी म्हणाले.

त्यानं बोट लावून बघितलं आणि हिसका बसल्यासारखं मागे घेऊन तोंडात घातलं. त्याच्या बोटाला फोड आला. मी त्यावर मलम लावलं. माझ्या हातांकडे आम्ही दोघांनीही बघायचं टाळलं.

रविवारी खोलीत गेले. पुठ्ठा लावला, दार लोटलं, भट्टी पेटवली. आप्पा स्टुलावर पाठमोरे बसले होते. पातं लाल झालं. मी उजवा हात सांडशीवरून काढला आणि त्या पात्याशेजारी धरला.

आधी काही दिसलं नाही. मग डोळे स्थिरावले.

माझा हात उजळलेला होता. लाल नाही, पांढराही नाही. त्या रंगाला आप्पांनी नाव दिलं नव्हतं, मीही देत नाही. मनगटाशी एक काळसर कडा होती आणि ती हलत होती. इतकी सावकाश की हलतेय असं म्हणायला धीर होईना. तिच्या अलीकडे बोटं, नखं, तळहात, सगळं स्वच्छ आणि सारखं. मला माझ्या हातावरचे लहानपणीचे व्रण माहीत आहेत. त्यांतला एकही तिथं नव्हता. ते इतकं सुंदर होतं की हात मागे घ्यायचं मला सुचेना.

"दिसली?" आप्पांनी विचारलं.

"दिसली."

"तेवढ्यासाठी म्हणत होतो नापास कर."

"आप्पा, हे थांबतं का?"

"सावली पुरी सरकायच्या आत पातं भट्टीतून काढलं, तर ते पुन्हा पहिल्यासारखं मऊ होतं. एवढं तरी तुझ्या पुस्तकात असेल ना?"

पुस्तकात होतं. तसंच होतं.

ते उठले. चाचपडत नाही, सरळ टाकीपाशी गेले आणि कॉक फिरवला. घुरघुर थांबली. विटांचा लाल रंग हळूहळू बसत गेला. काळोखात ते म्हणाले, "संपलं बघ." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझा आधार मागितला, दारापर्यंत जायला.

नवऱ्यानं त्याच दिवशी टाकी उचलून नेली. तो खूश होता. म्हणाला, शेवटी म्हाताऱ्याला शहाणपण सुचलं.

पुढचे काही आठवडे आप्पा त्या विझलेल्या खोलीत जाऊन बसायचे. मी चहा घेऊन गेले की कपाच्या आवाजाकडे हात करायचे.

"काही दिसतं का?"

"नाही."

"मग इथं कशाला बसता?"

"सवय. बाकी कुठे बसू?"

माझ्या हातांना चहाचा कप अजूनही गरम लागत नव्हता. उकळतं पातेलंही लागत नव्हतं. आधी मनगटापर्यंत लागत नव्हतं, आता कोपरापर्यंत. भट्टी बंद करून काही थांबलं नव्हतं, फक्त दिसायचं थांबलं होतं. आप्पांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी घेतलेला अंधार फुकट गेला असता.

त्या सकाळी मी ओट्यापाशी बटाटे सोलत होते, त्यांच्याच सुरीनं. नवरा कामावर गेलेला. आप्पांनी नुकतीच खोलीतून हाक मारून चहाची आठवण केली होती.

छस्स.

मागच्या खोलीतून आवाज आला. लांबलचक, एखादं मोठं पातं बुडवावं तसा. तापल्या तेलाचा वास घरभर पसरला.

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. भट्टी नव्हती. टाकी नव्हती. पाती सगळी फडताळात होती.

आणि मग त्याच्या पाठोपाठ तो दुसरा आवाज आला. लहानसा.

टिण्.

मी धावले.

खोलीत काळोख होता. तेलाच्या डब्यावर धुराची एक बारीक रेघ उभी होती. तेल हिंदकळत होतं.

आप्पा स्टुलावर बसलेले होते. हात मांडीवर, मान ताठ. मी खांद्याला हात लावला.

गार लागलं. कित्येक दिवसांत माझ्या हाताला पहिल्यांदा काहीतरी लागलं.

पुठ्ठा ओढून काढला. उजेडात दिसलं, उजव्या कानाच्या मागून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत एक रेघ गेली होती. केसाएवढी. सरळ. रक्ताचा थेंब नाही.

डॉक्टर आले. त्यांनी हात लावला आणि म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय, सकाळी लवकरच गेले असणार. मी म्हणाले, आत्ता हाक मारली होती मला. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. रेघेबद्दल विचारलं तर म्हणाले, जुना ओरखडा असेल. नवरा लहान मुलासारखा रडला. त्याला जवळ घेताना मी हात त्याच्या पाठीवर सदऱ्यावरूनच ठेवले.

मला रडायला फार उशिरा आलं. तेसुद्धा तेलाच्या डब्याकडे बघून. आठवडेच्या आठवडे ते तेल तापवलं नव्हतं. भट्टी विझवली ती माझ्यासाठी, आणि भट्टी विझली म्हणून तेल गार राहिलं. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही गार तेलात पातं घातलं नाही, त्याच्याच बाबतीत असं व्हावं.

टाकी मी परत आणली. नवऱ्याला सांगितलं, आप्पांची अर्धवट राहिलेली पाती पुरी करायची आहेत. त्याला ते आवडलं. खोलीत मात्र मी त्याला येऊ देत नाही. ठिणग्या उडतात म्हणते. तो दाराशी उभा राहून बोलतो, आणि मी त्याच्या हातांकडे बघत नाही. भिंतीकडे तोंड करून बोलते.

पाती चांगली उतरतात. टोकापासून बुडापर्यंत एकच आकडा येतो. सावली आता माझ्या खांद्यांवरून गळ्याशी आली आहे. आरशात ती दिसत नाही, भट्टीसमोर बसले की दिसते, आणि तिच्याखालचं सगळं इतकं लख्ख आहे की कधीकधी मी पातं आत घालायचं विसरून स्वतःचे हातच बघत बसते. हे लिहितानाही खोलीत दिवा नाही. अक्षरं मला स्पष्ट दिसत आहेत.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी लोखंडाचा एक तुकडा तापवते आणि तेलात सोडते. संध्याकाळी आल्यावर पुन्हा. तेल किती तापलं ते माझ्या हाताला कळत नाही, म्हणून डबा दाराबाहेर आणते आणि नवऱ्याला हात लावून बघायला सांगते.

"कोमट आहे," तो म्हणतो. "पण आज तर पातं नाही तुझं एकही. मग तेल कशाला तापवतेस?"

"असू दे," मी म्हणते. "कधी लागेल सांगता येत नाही."